बोदलेअर भावंडांची साक्ष

अनाथ भावंडे, त्यांच्या वारशावर डोळा ठेवून असलेला खलनायक आणि प्रत्येक संकटातून बुद्धीच्या बळावर होणारी सुटका, हा इंग्रजी बालकादंबरीतील जुना आणि वाचकप्रिय साचा आहे. अमेरिकन लेखक डॅनियल हँडलर यांनी लेमनी स्निकेट हे टोपणनाव घेऊन १९९९ ते २००६ या काळात लिहिलेल्या ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ या तेरा कादंबऱ्यांच्या मालिकेतही हाच साचा वापरला आहे. मात्र मूल खरे सांगत असताना त्याच्यावर विश्वास ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या मालिकेने ज्या चिकाटीने लावून धरला आहे, तितक्या चिकाटीने तो बालसाहित्यात क्वचितच विचारला गेला असेल. या पुस्तकांतील मृत्यू, आगी आणि कपटकारस्थाने पाहून पालक बिचकतात आणि त्यांच्याविषयीची चर्चाही बहुधा त्या अंधारापाशीच थांबते. या मालिकेचे खरे मोल तिने केलेल्या प्रौढांच्या वर्तनाच्या तपासणीत आहे आणि म्हणूनच ती मुलांनी जितक्या आवडीने वाचावी, तितक्याच गांभीर्याने पालकांनी आणि शिक्षकांनीही वाचायला हवी.

कथेची मांडणी थोडक्यात अशी आहे. चौदा वर्षांची व्हायोलेट यंत्रे जुळवण्यात तरबेज आहे, बारा वर्षांचा क्लाउस वाचलेले सारे लक्षात ठेवतो आणि तान्ह्या सनीला चार अणकुचीदार दात आहेत. राहत्या घराला लागलेल्या आगीत आईवडील गेल्याचे या तिघा बोदलेअर भावंडांना समुद्रकिनाऱ्यावर कळते. ही बातमी घेऊन येणारे पो हे बँकेतील अधिकारी मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत, म्हणजे मृतांच्या इच्छेप्रमाणे मालमत्तेची आणि वारसांची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्याकडे आहे. व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत कुटुंबाच्या संपत्तीला हात लावता येणार नाही, अशी तरतूद आहे आणि दूरचा नातेवाईक म्हणून ज्याच्याकडे मुलांचा ताबा जातो, त्या काउंट ओलाफ या नटाची नजर नेमकी त्याच संपत्तीवर आहे. पहिल्या पुस्तकात त्याचा डाव उधळला गेल्यावर मुले एका पालकाकडून दुसऱ्या पालकाकडे जात राहतात आणि ओलाफ दर वेळी नवा वेष घेऊन तेथे हजर होतो.

या साच्याचा इतिहास ध्यानात घेतला, तर हँडलर यांनी केलेला बदल ठळकपणे दिसतो. कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट यांच्या १८४७ सालच्या ‘द चिल्ड्रन ऑफ द न्यू फॉरेस्ट’ या कादंबरीत इंग्लंडच्या यादवी युद्धात, म्हणजे राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील सशस्त्र संघर्षात, बेव्हर्ली घराण्यातील चार मुले पोरकी होतात आणि पार्लमेंटचे सैनिक त्यांचे घर जाळून टाकतात; परंतु जेकब आर्मिटेज हा वृद्ध वनरक्षक त्यांना आपली नातवंडे म्हणून जंगलात लपवतो आणि शिकार व शेती शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करतो. गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांच्या ‘द बॉक्सकार चिल्ड्रन’ या कादंबरीच्या १९४२ साली आलेल्या आणि आज प्रचलित असलेल्या रूपात ऑल्डन भावंडे रेल्वेच्या टाकून दिलेल्या मालडब्यात संसार थाटतात, कारण आजोबा निर्दय असावेत अशी त्यांची समजूत झालेली असते. अखेर तेच आजोबा मायाळू आणि सधन निघतात. दोन्ही कादंबऱ्यांत मुलांच्या कर्तबगारीला कोणा भल्या मोठ्या माणसाचा आधार मिळतो आणि हरवलेले घर या ना त्या रूपात परत येते. बोदलेअर भावंडांच्या वाट्याला मात्र भली माणसे येऊनही आधार येत नाही आणि असे का होते याचे उत्तर शोधण्यातच या मालिकेची बहुतेक पाने खर्ची पडली आहेत.

पहिल्या पुस्तकातील एक प्रसंग या दृष्टीने मूलभूत मानावा लागेल. ओलाफ तिघांना एकाच पलंगावर झोपायला लावतो, घरकामाला जुंपतो आणि क्लाउसच्या थोबाडीत मारतो, तेव्हा मुले बँकेत जाऊन सारी हकिकत पो यांना सांगतात. पो यांच्या मनात मुलांविषयी आकस नाही. ते म्हणणे ऐकतात आणि ‘इन लोको पॅरेंटिस’ या लॅटिन संज्ञेचा आधार घेतात. आईवडिलांच्या जागी असलेली व्यक्ती, असा या कायदेशीर संज्ञेचा अर्थ असून, ओलाफ त्या जागी असल्यामुळे त्याला योग्य वाटेल त्या रीतीने तो मुलांना वाढवू शकतो, असा निर्वाळा ते देतात. मुलाच्या रक्षणासाठी निर्माण झालेली संकल्पना येथे त्याला मारणाऱ्याचेच रक्षण करते. पुस्तकाच्या अखेरीस हीच वृत्ती पुन्हा दिसते: शेजारी राहणाऱ्या न्यायाधीश जस्टिस स्ट्रॉस मुलांना दत्तक घेण्यास मनापासून तयार असतात आणि मुलांनाही तेच हवे असते, पण मुलांना नातेवाइकानेच वाढवावे या मृत्युपत्रातील इच्छेवर बोट ठेवून पो नकार देतात.

मोठ्यांकडून मदत मिळत नाही, म्हणूनच या मुलांच्या हिकमतीला अर्थ प्राप्त होतो. नाटकाच्या प्रयोगात खऱ्या न्यायाधीशांना उभे करून व्हायोलेटशी कायदेशीर विवाह लावायचा आणि पती म्हणून संपत्ती बळकवायची, असा ओलाफचा बेत असतो. स्ट्रॉस यांच्या ग्रंथसंग्रहातून लपवून आणलेले विवाहविषयक कायद्याचे पुस्तक क्लाउस रात्रभर वाचून हा बेत ओळखतो. मनोऱ्यावर पिंजऱ्यात टांगलेल्या सनीला सोडवण्यासाठी व्हायोलेट वर चढण्याचा आकडा तयार करते. आणि वधूने दस्तऐवजावर स्वहस्ते सही केली पाहिजे या अटीचा काटेकोर अर्थ लावून, उजव्या हाताने लिहिणारी व्हायोलेट डाव्या हाताने सही करते, त्यामुळे विवाह रद्दबातल ठरतो. या सुटकेत जादू नाही आणि योगायोगाचा वाटाही थोडा आहे. वाचन, निरीक्षण आणि हाताचे कौशल्य ही कोणत्याही मुलाला मिळवता येण्याजोगी साधने आहेत, असा विश्वास ती बालवाचकाला देते आणि साहसकथेकडून याहून मोठी अपेक्षा करता येणार नाही.

तरीही लेखकाने या हिकमतीच्या मर्यादा झाकलेल्या नाहीत. ओलाफच्या घोट्यावर डोळ्याच्या आकृतीचे गोंदण आहे आणि मुलांचे तोंडी सांगणे कोणी मानत नसल्यामुळे प्रत्येक वेळी ते गोंदण दाखवून देण्याची वेळ त्यांच्यावर येते. दुसऱ्या पुस्तकात घोट्यावरचा रंग पुसल्यावर ते दिसते, तर तिसऱ्या पुस्तकात सनी आपल्या दातांनी लाकडी पायाचे सोंग फोडते, तेव्हा कोठे पो यांची खात्री पटते. तोवर दुसऱ्या पुस्तकातील प्रेमळ पालक, सर्पतज्ज्ञ माँटी, यांचा खून होऊन गेलेला असतो. माँटी यांनाही आपल्या नव्या मदतनिसाचा संशय आलेला होता, परंतु तो आपले संशोधन चोरायला आलेला हेर असावा, या स्वतःच्या तर्कावर त्यांनी मुलांच्या सांगण्यापेक्षा अधिक भरवसा ठेवला. तिसऱ्या पुस्तकातील जोसेफिन आत्या भयाने इतक्या ग्रासलेल्या आहेत की जिवावर बेतताच मुलांना ओलाफच्या हवाली करायला त्या तयार होतात. चौथ्या पुस्तकात लाकूड कापण्याच्या गिरणीत मुलांना मजुरीऐवजी कूपने आणि दुपारच्या जेवणाऐवजी च्युइंगम दिले जाते, तेव्हा गिरणीतील भागीदार चार्ल्स हळहळतात, पण मालकापुढे त्यांचे काही चालत नाही. नियमाला चिकटलेला, स्वतःच्या तर्कात रमलेला, भ्यायलेला आणि दुबळा, असे हे चार प्रकारचे प्रौढ आहेत. त्यांपैकी एकही ओलाफच्या बाजूचा नाही, तरीही ओलाफचे काम या चौघांमुळेच सोपे होते.

सातव्या पुस्तकात, ‘द व्हाइल व्हिलेज’मध्ये, हा युक्तिवाद कळसाला पोहोचतो. मूल वाढवायला सारे गाव लागते, या म्हणीवर आधारलेल्या सरकारी योजनेनुसार भावंडांना एका गावाच्या स्वाधीन केले जाते. घोट्यावर तसेच गोंदण असलेला जॅक नावाचा माणूस तेथे पकडला जातो आणि हाच ओलाफ असे गावकरी ठरवून टाकतात. तो ओलाफ नाही, हे मुले जीव तोडून सांगतात, पण त्यांचे कोणी ऐकत नाही. पुढे जॅकचा खून होतो, त्याचा आळ मुलांवरच येतो आणि वर्तमानपत्र त्यांना खुनी ठरवते. आजवर मुलांच्या शब्दापेक्षा विश्वसनीय मानलेला पुरावा येथे सत्याच्याच विरोधात उभा राहतो. बोलणाऱ्याला जे ओळखत नाहीत, त्यांच्या हाती खूण दिली तरी तिचा अर्थ चुकतो, हे लेखकाने घटनांच्या गुंफणीतूनच सिद्ध केले आहे, त्यासाठी उपदेशाचे एक वाक्यही खर्च केलेले नाही.

या मालिकेवरील दोन आक्षेपांचा विचार आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, नवा पालक, नवा वेष आणि अविश्वास हा क्रम आरंभीच्या पुस्तकांत तोचतोच येतो आणि मालिकेत पेरलेली कित्येक रहस्ये अखेरपर्यंत उलगडत नाहीत. पुनरावृत्तीचा दोष काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु ज्या मुलांचे एकदा ऐकले गेले नाही, त्यांना तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी लागते, हा अनुभव वाचकापर्यंत पोहोचवायला त्या पुनरावृत्तीचा उपयोगही झाला आहे. दुसरा आक्षेप इतके दुःख मुलांपुढे ठेवावे का, हा आहे. मराठी घरांत तरी त्याचे उत्तर अवघड वाटू नये. साने गुरुजींचे १९३५ साली प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ पिढ्यान्पिढ्या शाळकरी मुलांच्या हाती दिले गेले आहे आणि त्यात कर्ज, अपमान आणि आईचा मृत्यू हे सारे आहे. फरक असा की तेथे दुःखाभोवती मायेचे कुंपण आहे आणि येथे ते कुंपण जळून गेले आहे. मात्र आईवडिलांनी लावलेली वाचनाची आणि विचाराची सवय बोदलेअर मुलांना शेवटपर्यंत पुरते, त्यामुळे ही पुस्तके मुलांना निराधार करतात असे म्हणता येत नाही.

बाराव्या पुस्तकात अखेर एका हॉटेलात खटला उभा राहतो. न्याय आंधळा असतो या वचनाचा शब्दशः अर्थ लावून तेथे उपस्थितांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या जातात आणि तीन न्यायाधीशांपैकी दोघे खलनायकांचेच साथीदार असतात. तोवर मुलांनीही वेष पालटलेले असतात, त्यांच्या हातून नकळत एकाचा जीव गेलेला असतो आणि इतरांना धोक्याचा इशारा देण्यासाठी हॉटेलला आग लावण्याचा निर्णयही तीच घेतात. पीडित मुले निष्कलंकच असली पाहिजेत, ही प्रौढांची अट लेखकाने अशा रीतीने मोडीत काढली आहे. मुलाच्या साक्षीचा मान त्याच्या निर्दोषत्वावर अवलंबून ठेवला, तर एकाही मुलाला न्याय मिळणार नाही, ही या पुस्तकाची भूमिका आहे आणि ती सर्वस्वी योग्य आहे.

तेराव्या पुस्तकात एका बेटावर जन्मलेल्या पोरक्या मुलीचा, बीॲट्रिसचा, सांभाळ ही भावंडे करतात आणि वर्षभराने तिला घेऊन पुन्हा जगाकडे निघतात. ओलाफ मेला आहे, पण तो त्यांच्या हातून मेलेला नाही आणि संपत्तीही त्यांना मिळालेली नाही. ज्यांचे कोणी ऐकले नाही तीच मुले आता कोणाचे तरी पालक झाली आहेत, एवढाच विजय लेखकाने त्यांच्या पदरात टाकला आहे आणि तो पुरेसा आहे. मुलाने भीत भीत सांगितलेली गोष्ट प्रथम खरी धरायची आणि मग तपासायची, हा क्रम घरात, शाळेत आणि न्यायालयात पाळला गेला, तर ओलाफसारख्यांना वेष पालटूनही काही साधता येणार नाही. ही पुस्तके मुलांच्या हाती देणाऱ्या प्रत्येक प्रौढाने ती आधी स्वतः वाचावीत आणि त्या चार प्रकारांपैकी आपण कोठे बसतो, याचा प्रामाणिकपणे विचार करावा.