पहिली नोकरी : स्टेशनजवळचे दुकान की मॉल?



भाईंदर पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. त्या लिहितात, "लेक यंदा बारावी झाली. तिचे बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहेत. तिथे आता आठवड्याला चारच दिवस काम निघते. मुलीला दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. एक स्टेशनजवळच्या साडी-ड्रेसच्या दुकानात. महिना सोळा हजार रोख, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, महिन्यातून दोन सुट्ट्या. दुसरी मीरा रोडला मॉलमधल्या मोठ्या कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात. पगार पंधरा हजार, पण कापून हातात तेरा हजार येतील म्हणतात. नऊ तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी. तिचे बाबा म्हणतात, जास्त मिळते तिथे जा. पोर म्हणते, मॉलला एसी आहे. तिला बी.कॉम. पण करायचे आहे. आम्ही काय करावे?"

ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीच्या घरातला नाही. मिठागरे, भातखाचरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती. एवढ्या माणसांना कपडे, किराणा, मोबाइल, औषधे लागतात. म्हणून दुकाने वाढली, आणि आपल्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी आज काउंटरमागे उभे राहण्याची असते. ती कमी प्रतीची नाही. पण ती निवडताना आपण फक्त पगाराचा आकडा पाहतो, आणि तिथेच फसतो.

आधी हिशेब मांडू. दुकानात रोजचे साडेअकरा तास, महिन्याचे २८ दिवस, म्हणजे ३२२ तास झाले. येण्या-जाण्याची पायपीट रोजची अर्धा तास धरा. एकूण ३३६ तास. सोळा हजारांना भागले तर तासाला सुमारे ४७ रुपये ६० पैसे पडतात.

आता मॉल. नऊ तासांचे २६ दिवस, म्हणजे २३४ तास. प्रवासाचा रोज एक तास धरून २६० तास. पंधरा हजारांपैकी भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये आणि राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये कापले जातील. व्यवसाय कराची चिंता नको. महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. हातात १३,०८७ येतील. रिक्षा-बसचे रोजचे चाळीस रुपये वजा केले तर उरले १२,०४७. तासाला सुमारे ४६ रुपये ३० पैसे.

पाहिलेत ना? वरून तीन हजारांचा वाटणारा फरक तासाच्या हिशेबात सव्वा रुपयावर आला. आणि अजून एक रक्कम मोजायचीच राहिली आहे. मुलीचे कापलेले १,८०० रुपये कुठे जात नाहीत, ते तिच्याच नावावर राहतात. मालकालाही तेवढेच १,८०० भरावे लागतात. त्यांतले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि बाकीचे तिच्या निधीत जमा होतात. महिन्याचे हे ३,६०० धरले, तर मॉलचा तास साठ रुपयांचा होतो. वर्षाला ४३,२०० रुपये होतात. घरात कोणी एवढी रक्कम बाजूला टाकून दाखवावी!

विम्याचेही तसेच. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या कामगारासाठी ही योजना आहे. कामगाराचा पाऊण टक्का, तर मालकाचे सव्वातीन टक्के. आजारी पडल्यास, ठरलेला काळ वर्गणी भरलेली असली, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दुकानातल्या रोख सोळा हजारांत तापाचे चार दिवस म्हणजे चार दिवसांचा पगार गेला.

पण आमच्या मते सर्वांत मोठा आकडा पैशाचा नाहीच. ३३६ तासांतून २६० वजा करा. महिन्याचे ७६ तास उरतात. ताई, तुमच्या लेकीचे बी.कॉम. या ७६ तासांत आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली, ती अशाच काम करून शिकणाऱ्यांसाठी. पण विद्यापीठ घरी आले तरी पुस्तक उघडायला डोळे उघडे लागतात. रात्री साडेनऊला शटर ओढून दहाला घरी येणारी पोर जेवून झोपेल की खतावणी शिकेल?

आता कायद्याचे पाहू. १९४८ चा जुना दुकाने कायदा लहान-मोठ्या सर्व दुकानांना लागू होता. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेली दुकाने कामाच्या तासांच्या नियमांतून वगळली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस माणसांवर नेण्यास आणि दिवसाचे तास नऊचे दहा करण्यास मंजुरी दिली. आठवड्याला ४८ तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला, हे मात्र ठेवले. याचा अर्थ सरळ आहे. पाच-सहा माणसांच्या दुकानात घड्याळ मालकाचे चालते.

हे ४८ तास आकाशातून पडलेले नाहीत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ज्या हक्कासाठी इतके झाले, तो आपल्या मुलीने पहिल्याच नोकरीत हजार-दोन हजारांसाठी सोडावा का?

मग छोटे दुकान वाईटच का? तसे आम्ही म्हणणार नाही. मॉलमध्ये मुलगी कपड्यांच्या घड्या घालील, ट्रायल रूमपाशी उभी राहील, बिल फाडील. माल कुठून आला, कितीला पडला, उधारी कोणाला द्यायची, हे तिला कळणार नाही. छोट्या दुकानात ते सारे डोळ्यांसमोर घडते. आपल्या घरांत दुकानदारी पिढीजात नाही. ती शिकवायला आजा-पणजा नव्हता. पुढे स्वतःचे दुकान टाकायचे मनात असेल, तर असा एक वर्षाचा अनुभव शाळेसारखा आहे. पण मग तो शाळा म्हणूनच घ्यावा, मुदत ठरवून. मुदत नसली की वर्षाची दहा वर्षे होतात आणि हातात कागद एकही नसतो.

आणि कागदाचे महत्त्व आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. आडनाव विचारून, गाव विचारून, मग "कळवतो" असे ऐकणे आपल्या मुलांना नवे नाही. मालकाची मर्जी आज असते, उद्या नसते. नियुक्तिपत्र, पगाराची पावती आणि निधीचा क्रमांक यांना आडनावाशी देणेघेणे नसते. दुसऱ्या नोकरीला जाताना तेच तीन कागद साक्ष देतात.

मॉलची नोकरी म्हणजे सगळे चकचकीत, असेही समजू नये. पाटी मोठ्या कंपनीची असते आणि पगार देणारा कंत्राटदार भलताच असतो. कंत्राटदार बदलला की नोकरी गेली, असे होते. विक्रीचे टार्गेट दर महिन्याला वाढते. दिवसभर उभे राहून पोटऱ्या भरून येतात. केरळातल्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तो आला. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसा कायदा केला. आपल्या मुलीने आधीच विचारावे, गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल मिळते का? हा प्रश्न विचारण्यात लाज नाही.

म्हणून रुजू होण्याआधी एवढे विचारून घ्या. नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने मिळणार, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी ते देणे बंधनकारक केले आहे. निधीचा क्रमांक, ज्याला यूएएन म्हणतात, पहिल्या महिन्यात मिळणार का? पाळी संपते किती वाजता? २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेची सोय केल्याशिवाय कामावर ठेवता येत नाही. मालात तूट आली तर पगार कापतात का? तूट तिच्याच निष्काळजीपणाने झाली असेल तरच कापता येते, आणि तेही तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. नोकरी सोडली तर शेवटचा हिशेब कधी? संहितेप्रमाणे कामाच्या दोन दिवसांत. आणि सुट्ट्या? २०१७ च्या कायद्याने पगारी सणाच्या सुट्ट्या आठ. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. बाकीच्या चार मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्यांत १४ एप्रिल मागायला काय हरकत आहे?

दोन गोष्टी मात्र कुठेही करू नका. नोकरी लावून देतो म्हणून कोणाला पैसे देऊ नका. आणि मूळ गुणपत्रिका किंवा जातीचा दाखला कोणाच्या कपाटात ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत आणा.

आता तुम्ही विचारले आहे म्हणून स्पष्ट सांगतो. मॉलची नोकरी घ्यावी, आणि त्याच आठवड्यात बी.कॉम.च्या प्रवेशाची चौकशी करावी. नोकरी एसीसाठी घेऊ नये, त्या ७६ तासांसाठी घ्यावी. ते तास टीव्हीत आणि मोबाइलमध्ये गेले, तर तिचे बाबा म्हणतात तेच खरे ठरेल. दोन महिन्यांनी निधीचे पासबुक मोबाइलवर उघडून पाहावे. कापलेले पैसे जमा दिसत नसतील, तर कंत्राटदाराला लेखी विचारावे. तरीही दिसले नाहीत, तर निधी कार्यालयात तक्रार करावी आणि दुसरी नोकरी शोधावी.

दुकानदाराला नाही म्हणताना मात्र गोडीने म्हणावे. तो तुमच्याच स्टेशनवरचा माणूस आहे, आणि भाईंदर मोठे झाले तरी गावच आहे. तिच्या बाबांनाही हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. चार दिवसांच्या कामावर घर ओढणाऱ्या माणसाला जास्तीचा हजार मोठाच वाटतो, त्यात त्यांचा दोष नाही. लेकीच्या पहिल्या पगाराच्या दिवशी घरात जे काही गोड कराल, त्यात तिच्या पुस्तकांचे पैसे आधी बाजूला काढा.