मर्सिडीज टिकते की पिकअप?

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की वाटेत ओरत्तनाडु लागते. मराठी माणसाची या गावाशी जुनी ओळख आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र बांधले. रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंना तेथे जेवण आणि रात्रीपुरता आसरा मिळे. त्या काळी या वाटेवर बैलगाड्या होत्या. आता भाताची पोती लादलेले पिकअप धावतात आणि पोंगलच्या सुट्टीत चेन्नईकरांच्या लांबलचक चकचकीत मोटारी येतात.

समजा, येथल्याच एका घरात सध्या वाद चालू आहे. अप्पांची भातशेती आहे, दारात दहा वर्षांचा पिकअप आहे. मुलगा चेन्नईत नोकरीला. नव्या पिकअपला जेवढे पैसे पडतील तेवढ्यात दहा-बारा वर्षांची जुनी जर्मन सेदान मिळते, असे त्याने कुठूनसे हुडकून काढले आहे. अप्पांचा ठाम नकार : "त्या गाड्यांत टर्बो असतो. तो गेला की मालक बुडाला!"

मुलगा हसतो. "अप्पा, तुमच्या पिकअपमध्येही टर्बोच आहे."

दोघांचेही खरे आहे. मग एकच यंत्र एका गाडीत वर्षानुवर्षे तक्रार न करता राबते आणि दुसरीत लाखाचा खर्च काढते, असे का?

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत तो एका छोट्या चक्रावर सोडतात. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. यातली मेख अशी, की ही चक्रे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, एक बाजू डिझेल गाडीतसुद्धा सातशे अंशांच्या आसपास तापते, आणि सगळा डोलारा तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. तेल जळले, आटले किंवा घाण झाले, की टर्बोचे आयुष्य संपत आलेच म्हणून समजा.

तेव्हा टर्बो आहे की नाही, हे विचारून फारसे काही कळत नाही. इंजिनाकडून किती काम पिळून घेतले जाते, हे विचारायला हवे.

आकडेच पाहा ना! महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे डिझेल इंजिन 2,523 सीसीचे, ताकद सुमारे 75 अश्वशक्ती. मर्सिडीजच्या 2017 साली भारतात आलेल्या ई 220 डी या सेदानचे इंजिन त्याहून लहान, 1,950 सीसीचे, पण ताकद 194 अश्वशक्ती! म्हणजे पिकअप दर लिटरमागे तीस अश्वशक्तीवर समाधानी, तर सेदान जवळजवळ शंभर मागते. गंमत अशी, की महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आणि मर्सिडीजची जुळणी चाकणला. दोन्ही घराणी महाराष्ट्रातच नांदतात, पण स्वभाव किती वेगळे!

जर्मन इंजिनात काही खोट आहे, असा याचा अर्थ नाही. उलट, त्या ताकदीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, पोलादी पिस्टन अशी उंची सामग्री वापरलेली आहे. पण जिथे सगळेच काठोकाठ भरलेले असते, तिथे चूक पोटात घालायला जागा उरत नाही. पिकअपमध्ये ती जागा आहे. त्याच्या कमानपाट्यांना, क्लचला आणि टायरना मात्र सुटका नाही. कागदावर दीड टन लिहिलेले असते, प्रत्यक्षात किती पोती चढतात हे खेड्यात कुणाला सांगायला नको.

मोटारींच्या इतिहासातही हेच दिसते. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 1962 साली जेटफायर ही टर्बो लावलेली मोटार काढली. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरायला विसरत. तक्रारी इतक्या वाढल्या, की अखेर कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. उलट 1978 सालची मर्सिडीज 300 एस.डी. पाहा. तीन लिटरचे, पाच सिलिंडरचे टर्बो डिझेल, आणि ताकद जेमतेम सव्वाशेच्या आत. ही गाडी दीर्घायुष्यासाठी नावाजली गेली. म्हणजे उंची सेदानसुद्धा टिकते, हाव आवरली तर!

पुढे ही हाव आवरली गेली नाही. बीएमडब्ल्यूने 2008 च्या सुमारास आठ सिलिंडरच्या एका इंजिनात दोन टर्बो चक्क सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवले. जागा वाचली, प्रतिसाद झटपट मिळू लागला, पण उष्णता तिथेच कोंडली. तेल पिण्याच्या तक्रारी आल्या आणि 2014 साली कंपनीला अमेरिकेत या इंजिनांच्या गाड्यांसाठी खास तपासणी-दुरुस्तीची मोहीम काढावी लागली.

मग पिकअपवाल्यांनी मिशीवर ताव द्यावा काय? थांबा! टोयोटाने 2022 च्या टुंड्रा या अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमधून टर्बो नसलेले जुने आठ सिलिंडरचे इंजिन काढले आणि दोन टर्बोंचे सहा सिलिंडरचे बसवले. लेक्सस एल.एस. 500 या आलिशान सेदानमध्ये जे इंजिन होते, त्याच घराण्यातले हे. सेदानमध्ये 416 अश्वशक्ती, पिकअपमध्ये 389 पर्यंत. पिकअप आणि सेदान यांतली भिंतच पडली म्हणायची. मे 2024 मध्ये टोयोटाला सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांत बहुतेक टुंड्रा होत्या. कारण काय, तर कारखान्यात इंजिन घडवताना धातूचा कीस आत राहून गेला होता आणि त्याने बेअरिंगे निकामी होण्याचा धोका होता. म्हणजे टर्बो निर्दोष, दोष सफाईचा! भरवशाच्या म्हणून नावाजलेल्या कंपनीवर ही पाळी आली, तेव्हा नुसते बोधचिन्ह पाहून गाडी घेणाऱ्याने जरा दमाने घ्यावे.

ओरत्तनाडुसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे धूळ. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा भाताची कापणी असते. मळणीयंत्रे चालू झाली की हवेत भुसा आणि तुसे भरून राहतात. टर्बो हवा ओढतो ती सपाटून, त्यामुळे एअर फिल्टर तुंबतो किंवा फाटका असला तर धुळीचे कण थेट चक्राच्या पात्यांवर आदळतात. पिकअपचा फिल्टर गावचा मेकॅनिकही झटकून देतो, पण एरवीची मुदत या दिवसांत निम्मी धरावी.

दुसरी गोष्ट पाणी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या भागातला मुख्य पाऊस. सेदान जमिनीलगत बसते आणि तिची हवा ओढण्याची वाटही पुष्कळदा खालीच असते. पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिसेंबर 2015 च्या चेन्नईच्या पुरात महागड्या मोटारींचे असे हाल झाले. त्यांत पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह अनेकांना नडला. साध्या विम्यात इंजिनाचे हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आपली पॉलिसी आजच उघडून पाहावी.

राहता राहिली सवय. गाडी चालू केल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, तेल टर्बोपर्यंत पोहोचू द्यावे. लांबच्या दौडीनंतर किंवा भार ओढून आल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालवून मग बंद करावे. कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे तेल वापरावे. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असताना चालू करायला लावा. निळसर धूर दिसला तर तेल जळते आहे. वेग घेताना बारीक शिट्टी ऐकू आली तर घाबरू नये, पण खरखर किंवा किंचाळल्यासारखा आवाज असेल तर काढता पाय घ्यावा. 2020 च्या एप्रिलनंतरची डिझेल गाडी असेल तर आणखी एक पथ्य. तिच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी लांबच्या सलग प्रवासात आपोआप साफ होते, नुसते बाजारापुरते फिरवल्यास तुंबते.

आता पुन्हा अप्पांच्या अंगणात. मुलाने ती सेदान दाखवायला आणली आहे. रंग सुरेख, आसने मऊ. आईला तर ती पाहताक्षणी आवडली आहे. अप्पा बॉनेटकडे गेलेच नाहीत. त्यांनी आधी डॅशबोर्डच्या खणातले सर्व्हिस बुक मागितले. पहिली पाच वर्षे शिक्के नियमित होते. मग गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि तिथून पुढे तेलबदलाची पाने कोरी होती.

"हिचा टर्बो चांगला असेलही," अप्पा म्हणाले, "पण त्यानंतर हिला तेल कुणी घातलं, ते विचारून ये."

मुलाने तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आले नाही. गाडी संध्याकाळी परत गेली.