थर मोजा, मग भाव करा

सहलीला गेलं की आपण बायका देऊळ, किल्ला, समुद्र सगळं निवांत बघतो आणि खाऊची खरेदी मात्र गाडी सुटायच्या आधी घाईघाईत उरकतो. माझं म्हणणं असं की, जुनं शहर समजून घ्यायचं तर तिथल्या गोडधोडालाही थोडी सवड द्यावी.

गेल्या थंडीत आम्ही देवनारच्या पाच जणी मांडवी एक्स्प्रेसनं गोव्याला गेलो. ओल्ड गोव्याचं १६०५ साली पूर्ण झालेलं बॉम जीझस चर्च पाहिलं, पणजीतलं नागमोडी पायऱ्यांचं पांढरंशुभ्र चर्च पाहिलं. मग फोंतेन्यास भागातल्या अरुंद गल्ल्यांतून हिंडलो. पिवळी, निळी, तांबडी कौलारू घरं, पुढे छोट्या गॅलऱ्या. १९६१ साली पोर्तुगीज गेले, पण ही घरं राहिली आणि त्यांतल्या चुलीवरची चवही राहिली.

तिथल्या बेकरीत ‘नेवऱ्या’ दिसल्या. अगं बाई, ही तर आपली करंजी! आपण दिवाळीला करतो, तिथली ख्रिस्ती कुटुंबं नाताळला करतात. शेजारी तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळ्या गुळाचं दोदोल. आणि सगळ्यांत मानाचा बेबिंका. अंड्यांचा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ. एक थर ओतायचा, वरून धग देऊन भाजायचा, तूप सोडायचं, मग दुसरा थर. असे निदान सात! पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. घाई केली की थर कच्चा राहतो. अर्धा दिवस सहज मोडतो.

बाजारात घरचा बेबिंका विकणाऱ्या एका मावशींशी आमच्यासारख्याच काही बायका घासाघीस करत होत्या. “एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे?” मला वाईट वाटलं. म्युझियमच्या तिकिटावर आपण कधी घासाघीस करतो का? मग हातच्या कष्टावरच का? दिवाळीत करंज्या लाटून कंबर धरते, तेव्हा त्या कामाचं मोल आपल्याइतकं कुणाला कळतं? आपणच ते कमी लेखलं, तर घरचे तरी कशाला मानतील?

तेव्हा मैत्रिणींनो, वसईला जा, पाँडिचेरीला जा, नाहीतर शेजारच्या तालुक्याला. वास्तू बघाच, पण तिथलं गोड करणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला, कृती विचारा आणि तिनं सांगितलेले पैसे हसून द्या.