आधी नळ, मग आम्ल

शिपायाने नळ सोडला तरच बालपणी बाबासाहेबांना शाळेत पाणी मिळे. आज प्रयोगशाळेचा नळ कोरडा असेल, तर आमच्या मते तिथे आम्लाची बाटली उघडूच नये.

आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले, तर पहिला उपाय वाहते पाणी, किमान १५ ते २० मिनिटे. मग लगेच दवाखाना. हळद, टूथपेस्ट लावू नये. आम्ल पाण्यात हळूहळू सोडावे. आम्लात पाणी कधीच ओतू नये. पेटत्या दिव्यात स्पिरिट भरू नये. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले हवेत.

मात्र भीतीपोटी प्रयोगशाळेला कुलूप लावणेही आम्हाला मान्य नाही. आपल्या मुलामुलींनी प्रयोग स्वतःच्या हातांनी करावेत. म्हणून पालकसभेत पहिला प्रश्न विचारू या: प्रयोगशाळेच्या नळाला पाणी आहे का?