स्वस्त दिग्दर्शनाची कैफियत

पक्की सडक सोडून सह्याद्रीच्या कच्च्या वाटांनी जीप हाकणाऱ्या हौशी मंडळींत अलीकडे असे एक मत रूढ होऊ पाहत आहे की, ज्याच्या गाडीत चाळीस-पन्नास हजारांचे परदेशी दिग्दर्शक यंत्र बसविलेले नाही, त्याने आडरानात शिरण्याचे धाडसच करू नये. असे सांगणारे सद्गृहस्थ अनुभवी असतात आणि त्यांचा हेतूही बहुधा निर्मळ असतो. परंतु त्यांचे आक्षेप एकेक तपासून पाहिले, तर त्यांतला एकच काय तो टिकतो.

पहिला आक्षेप असा की, रेंज गेली की मोबाइल आंधळा होतो. वस्तुतः मोबाइलमधील जीपीएस उपग्रहांचे संकेत केवळ ऐकते. त्याला टॉवरशी काही कर्तव्य नसते. रेंजबरोबर नाहीसा होतो तो नकाशा, कारण तो आयत्या वेळी इंटरनेटवरून मागविलेला असतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी उपक्रमाचे नकाशे ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्सच्या द्वारे घरूनच उतरवून घेतले, की हा आक्षेप निकालात निघतो. रेंजवाचून पहिले स्थान निश्चित व्हायला वेळ लागतो हे खरे. म्हणून दरीत उतरण्यापूर्वी, माथ्यावरच, ते पाहून घ्यावे.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संकेतांत हेतुपुरस्सर दोष मिसळीत असे आणि स्थान शंभरेक मीटरांनी चुकू शके. पण त्या दोषातून महागडे नागरी यंत्रही सुटत नव्हते. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल ५ मीटरांच्या आसपास अचूक असतो. आणि वरंध घाटासारख्या ठिकाणी कड्यांवर आपटून संकेत भरकटू लागले, की ते यंत्राच्या किमतीचा मुलाहिजा ठेवीत नाहीत.

टिकतो तो आक्षेप उष्णतेचा आणि विजेचा. एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल प्रथम स्क्रीन मंद करतो आणि मग आपणहून बंद पडतो. हलका चार्जर लावला, तर चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरत जाते. पण याचा इलाज एसीच्या झरोक्यापुढे बसविलेला घट्ट होल्डर, दमदार चार्जर आणि हादऱ्याने न निसटणारी केबल एवढाच आहे. कपाटात पडलेला जुना मोबाइल कामी लावल्यास हा सारा सरंजाम जीपच्या एका टायरच्या किमतीत उभा राहतो. (नवा टॅबलेट घेणाराने मात्र त्यात जीपीएस आहे याची खातरजमा करावी; केवळ वायफायवर चालणाऱ्या आयपॅडात ते नसते.)

याला जोड हवी ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या छापील पत्रकाची. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे उतार जीपच्या आवाक्याबाहेरचा असण्याचा संभव, हे ज्याला वाचता येते, त्याला बॅटरी संपल्याचे भय उरत नाही. मात्र ओढ्यावरची मोरी यंदा वाहून गेली, हे कोणताही नकाशा सांगणार नाही. त्यासाठी वाडीवर गाडी थांबवून विचारावे, आणि तेही ‘वाट आहे का?’ असे नव्हे, कारण पायवाटही वाटच असते. ‘पावसानंतर कुणाची जीप वर गेली का?’ असे विचारावे.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी परदेशातून उपग्रह-संदेशयंत्र मागविण्यापूर्वी इतकेच ध्यानात घ्यावे की, परवान्यावाचून ते बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे.