मादी कुणाला म्हणता?

कादंबरीचं नाव ‘द फीमेल’. म्हणजे मादी. बाई नाही, सम्राज्ञी नाही, मादी. पॉल वेलमन नावाच्या अमेरिकन लेखकानं 1953 साली ती लिहिली. विषय थिओडोरा, सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलची निर्दय म्हणून गाजवलेली सम्राज्ञी. रात्रपाळी संपवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. आणि आपलेच काही दोस्त ती डोक्यावर घेऊन नाचतायत, ‘बघा, खालची बाई तख्तावर बसली’ म्हणून. त्यांच्यासाठी हे.

दोस्तहो, ती खालची होती हे खरंच. बाप रथशर्यतीच्या मैदानात अस्वलं सांभाळायचा. बाप मेला. आईनं तिन्ही पोरींच्या डोक्यात फुलांच्या माळा घातल्या आणि भरल्या मैदानात उभं केलं, आमचं काम काढून घेऊ नका म्हणून. हिरव्या गटानं झिडकारलं, निळ्यानं ठेवून घेतलं. पोरी पुढं नाटकशाळेत गेल्या. नटीची पोर नटीच झाली पाहिजे, असे कायदे रोमन सम्राटांनी चौथ्या शतकातच केले होते. जन्मानं चिकटलेलं काम म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायला नको. सिनेटरनं नटीशी लग्न करायचं नाही, हाही कायदाच. जस्टिनियनला ती हवी होती म्हणून त्याच्या मामानं, सम्राट जस्टिननं, तो बदलला. 527 साली ती सम्राज्ञी झाली.

आता तिच्या बदफैलीपणाच्या गोष्टी आल्या कुठून? थिओडोरावरची असली कुठलीही कादंबरी एकाच माणसाच्या उष्ट्यावर जगते. प्रोकोपियस. सेनापती बेलिसारियसचा चिटणीस. उघड पुस्तकांत राजाची आरती, आणि गुपचूप लिहिलेल्या पुस्तकात तिच्या अंथरुणाचा हिशोब. ते गुप्त पुस्तक छापलं गेलं 1623 साली, हजार वर्षांनी. पण नीट वाचा, त्याचं खरं दुखणं अंथरूण नाहीच. बडे बडे अधिकारी तिच्या दाराशी कोंदट खोलीत गुलामासारखे ताटकळतात, आत गेल्यावर पालथं पडून तिच्या पायाला ओठ लावतात. अस्वलवाल्याच्या पोरीच्या पायाला! ही आग आहे. वेलमननं चौदाशे वर्षांनी त्याच आगीवर आपली भाकरी भाजून घेतली.

म्हणून तिची आरती करायची? नाय. जानेवारी 532 मध्ये शहर पेटलं. निळे-हिरवे एक झाले, राजा पळायच्या बेतात. ती म्हणाली, मी जाणार नाही. मग बेलिसारियस आणि मुंडस त्याच मैदानात फौज घेऊन घुसले. तीस हजारांवर माणसं कापली. फुलांच्या माळा घालून ती उभी होती, तेच मैदान. तो बेलिसारियस आजही ‘महान सेनापती’, जस्टिनियन ‘थोर कायदेपंडित’. रक्त सगळ्यांच्या हाताला, मादी ती एकटी.

535 साली दलालांविरुद्ध कायदा झाला. खेड्यापाड्यांतल्या गरीब पोरींना जोडे आणि कपड्यांचं आमिष दाखवून शहरात आणायचे, करार लिहून घ्यायचे, जामीन मागायचे, काही पोरी दहा वर्षांच्याही नसायच्या. हे सगळं त्या कायद्यातच लिहिलंय. नाव जस्टिनियनचं, पण त्यात थिओडोराचा हात दिसतो. पुढं दोघांनी अशा बायांसाठी मठ काढला. नाव ठेवलं मेतानोइया, म्हणजे पश्चात्ताप. दलालांनी नाही, बायांनी करायचा पश्चात्ताप! एका पुस्तकात प्रोकोपियस याला पुण्यकर्म म्हणतो. गुप्त पुस्तकात म्हणतो, पाचशेवर बाया जबरदस्तीनं कोंडल्या, काहींनी रात्री भिंतीवरून उड्या टाकल्या. नाव एकीचंही लिहिलं नाही त्यानं.

तेव्हा अभ्यासवर्गात ‘द फीमेल’ ठेवायची तर खुशाल ठेवा. शेजारी तो 535 चा कायदा ठेवा, आणि पहिल्या बैठकीत तोच वाचायला घ्या. जोड्यांच्या ओळीपासून.