सुभेदार रामजींची शाळा

२ फेब्रुवारी १९१३ या दिवशी मुंबईत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे निधन झाले. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील एवढीच त्यांची ओळख आपल्या घरोघरी दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी रामजींचे स्मरण करावयाचे ते केवळ महापुरुषाचा पिता म्हणून नव्हे, तर आधी पलटणीची शाळा चालविणारा आणि पुढे आपल्या घराचीच शाळा करणारा गृहस्थ म्हणून होय.

रामजी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते; मुलामुलींचे वर्ग दिवसा आणि प्रौढांचे रात्री भरत. गावच्या शाळेचा उंबरा अस्पृश्याला बंद होता, त्या काळी रामजींनी लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद चौदा वर्षे सांभाळले. १८९२ साली महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर समाजाची ही शाळाही गेली. सरकारने दिलेले सरकारने काढून घेतले. परंतु रामजींच्या अंगी मुरलेला मुख्याध्यापक कोणास काढून घेता आला नाही.

निवृत्तीनंतर ते दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. लेकरे आईवेगळी झाली, पेन्शन तुटपुंजे, तरी मुलांचा अभ्यास एक दिवस चुकला नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ते स्वतः भीमरावांकडून तयार करून घेत. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच निजावयाची जागा, तीच अभ्यासिका. रामजी मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग त्यास उठवून अभ्यासास बसवीत आणि त्यानंतर अंग टाकीत. म्हाताऱ्या बापाचे हे जागरण म्हणजेच त्या घराची खरी संपत्ती होती.

रामजी कबीरपंथी होते. ते मुलांना रामायण-महाभारत वाचावयास लावीत. भीमरावांनी त्याचे कारण विचारले, तेव्हा मुलांच्या मनातील न्यूनगंड जावा हा हेतू त्यांनी सांगितला. त्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांस भेट दिले आणि विचाराची दुसरी वाट उघडली. ज्या घरात मुलाने बापास प्रश्न विचारला आणि बापाने त्यास उत्तर दिले, त्याच घरातून १९५६ ची वाट निघाली, हे विसरता कामा नये.

ते निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. त्यांचा दुसरा विवाह भीमरावांस रुचला नव्हता. दोघा मुलांच्या शिक्षणास मिळकत पुरेना, म्हणून थोरले आनंदराव नोकरीस लागले. आणि भीमरावांना हवे असलेले पुस्तक घेण्यास पैसा नसे, तेव्हा रामजी आपल्या विवाहित कन्यांकडे जाऊन दागिना उसना आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन येताच सोडवून परत करीत. या गोष्टीत आपण बापाचा त्याग पाहतो. पण ज्या भगिनींनी अंगावरचा दागिना उतरवून दिला, त्यांना विसरतो. बाबासाहेबांच्या विद्येत त्यांचाही वाटा आहे. ते ऋण फेडावयाचे असेल तर एकच मार्ग आहे: आज आपल्या मुलीच्या पुस्तकासाठी दागिना गहाण पडला तरी चालेल, पण दागिन्यासाठी तिचे पुस्तक बंद पडता कामा नये.

धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० साली दिल्या. त्या हक्कांसाठी आपण सतत जागरूक राहिले पाहिजे. शिष्यवृत्ती थकली तर जाब विचारला पाहिजे. परंतु रात्री दोन वाजता मुलास उठविण्याचे काम कोणतेही सरकार करणार नाही. लग्नाच्या थाटासाठी कर्ज काढणारा आणि फीच्या वेळी हात आखडता घेणारा बाप बावीस प्रतिज्ञा तोंडाने म्हणतो, घरात पाळत नाही.

रामजींनी मुलाची कीर्ती पाहिली नाही. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार गेली. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुत्राने आपले ऋण असे मान्य केले. आपण ते मान्य करावयाचे असेल तर येत्या २ फेब्रुवारीस प्रत्येक बौद्ध घराने बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर एक दिवा लावावा, आणि तो विझवू नये. त्याच्या उजेडात मुलामुलींना अभ्यासास बसवावे व आईबापांनी त्यांच्याजवळ जागे राहावे.

जय भीम!